मामांचा खलबत्ता आणि आभाळातला दगड

ज्या दगडासाठी मी घरादाराशी भांडले, तो चिंचोक्याहून मोठा नव्हता. काचेच्या बंद कुपीत तो असायचा आणि कुपी जरा कलती केली की तळाशी काळी भुकटी सरकताना दिसायची. मोबाइलवर त्याचा फोटो पहिल्यांदा आईला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "हे तर शेगडीतला विझलेला कोळसा हाय." तिचं फारसं चुकलं नव्हतं. आभाळातून पडणारे बहुतेक दगड साधे असतात, काही तर निव्वळ लोखंडाचे. पण थोडे असे असतात की त्यांच्यात कोळशाच्या जातीचा माल भरलेला असतो. कार्बन असतो, चिकणमाती असते, त्या मातीत मुरलेलं पाणी असतं, मोहरीहून बारीक गोल मणी असतात आणि अधूनमधून पांढरे ठिपके. सूर्याभोवती जे काही सर्वांत आधी घट्ट झालं, ते हे ठिपके. तेव्हा पृथ्वीचा पत्ताही नव्हता.

हे दगड आतून कधी वितळले नाहीत, त्यामुळे सूर्यमाला तयार होतानाचा माल त्यांच्यात बराचसा शिल्लक राहिला आहे. त्यातही मला हवी होती ॲमिनो आम्लं. आपल्या अंगातली प्रथिनं ज्या विटांनी बांधलेली असतात, त्या विटा. त्या अशा दगडांत असतात, हे जगाला ठाऊक आहे. पण प्रत्येक दगडाचं प्रमाण वेगळं, जात वेगळी, आणि या तुकड्यातलं कोणी अजून पाहिलं नव्हतं. ते मला पाहायचं होतं, आणि दुसऱ्या कोणी माझ्याआधी पाहावं हे मला मुळीच चालणार नव्हतं.

मी भोसरीत वाढले. गाव लातूरकडचं, पण वडील आणि मामा एमआयडीसीत कामाला आले आणि आम्ही भाड्याच्या खोल्यांत मोठे झालो. बी.एस्सी. झाल्यावर मी काही वर्षं चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणी खात्यात होते. चांगली नोकरी होती, बस दारात यायची. ती सोडून मी पुन्हा शिकायला लागले, एम.एस्सी. केलं, मग संशोधनाला लागले, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं. आकाशातल्या दगडाला कोण नवरा देणार, असं एक आत्या तोंडावर म्हणाली. तेव्हा फक्त मामा माझ्या बाजूने उभे राहिले. भोसरीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल आणि सगळ्यांवर मामांचा आवाज.

दगड आमच्याकडे आला तो मॅडममुळे. मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक. कमी बोलतात आणि जे बोलतात ते बदलत नाहीत. त्यांनी बाहेरच्या एका संग्रहाकडून हा तुकडा मागून घेतला होता आणि त्याला एक अट होती. आमची प्रयोगशाळा स्वच्छ काम करू शकते, हे आधी सिद्ध करायचं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ते झालं नाही तर कुपी न उघडता परत पाठवायची. मग तो तुकडा दुसऱ्या कोणाला मिळणार आणि माझ्या सगळ्या वर्षांचं काय व्हायचं ते होणार.

स्वच्छ काम सिद्ध करायचं म्हणजे ब्लँक घ्यायचा. दगडावर जे जे करायचं ते सगळं आधी दगडाशिवाय करायचं. भट्टीत भाजून निर्जीव केलेली वाळू घ्यायची, ती कुटायची, शुद्ध पाण्यासोबत काचेच्या नळीत बंद करून तापवायची, पुढे आम्लाची प्रक्रिया आणि मग यंत्रात सोडायची. यंत्र कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक रेघ काढत जातं. ॲमिनो आम्ल आलं की रेघ वर चढते आणि खाली उतरते. मी त्याला टेकाडं म्हणते. वाळूत काहीच नसतं, तेव्हा रेघ सपाट यायला हवी. सपाट आली तर पुढे दगडात जे दिसेल ते दगडाचं. टेकाडं आली तर ती आपली घाण. आणि ॲमिनो आम्लं ही अशी चीज आहे की माणसाच्या बोटाच्या एका ठशातही ती भरपूर सापडतात.

"ब्लँक कोरा आल्याशिवाय कुपीला हात लावायचा नाही," मॅडम म्हणाल्या, आणि कुपी कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली.

मोठी अडचण होती कुटायची. आमच्याकडच्या उघड्या खलात आधी कोणी काय काय कुटलं होतं कोण जाणे. शिवाय तुकडा एवढासा, उघड्यावर कुटला तर निम्मा उडून जायचा. बंद पोलादी भांडं हवं होतं, वरून दट्ट्या बसवायचा आणि दट्ट्यावर हातोडीने ठोके द्यायचे. परदेशातून मागवायला वेळ नव्हता. मी कागदावर आकृती काढली आणि मामांकडे गेले.

मामांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "हे तर खलबत्ता हाय," ते म्हणाले. "कुटणार काय त्यात?"

"आभाळातला दगड."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. "कधी पायजे?"

पोलादाचा नळा, आत घट्ट सरकणारा दट्ट्या आणि खाली आटे पाडून फिरवून बसवायचं बूड, असा तो खलबत्ता तयार झाला. मामांनी तो कडक करायला बाहेर पाठवला, परत आणून घासूनपुसून माझ्या हातात दिला तेव्हा त्यात तोंड दिसत होतं. दट्ट्या आत सोडला की हवेवर तरंगत सावकाश खाली उतरायचा, इतका नेमका बसला होता. मी तो स्कूटरच्या डिकीत ठेवून गाणं म्हणत निघाले.

पहिल्या ब्लँकमध्ये टेकाडंच टेकाडं आली.

मला वाटलं, पहिलाच आहे, होतं असं. दुसऱ्यातही तीच आली. जागाही तीच आणि उंचीही साधारण तशीच. मॅडम पडद्याकडे पाहून फक्त "हं" म्हणाल्या. तो "हं" मला आजही आवडत नाही.

मग मी स्वतःवरच पाळत ठेवली. दोन दोन हातमोजे घातले. केसांना तेल लावणं बंद केलं, तेव्हा आई म्हणाली की पोरगी जोगतीण व्हायची राहिली. प्रयोगशाळेत डबा नेणं बंद केलं आणि बाहेर पायऱ्यांवर बसून जेवायला लागले. पाणी बदललं, काचेच्या नळ्या पुन्हा भाजून घेतल्या, आम्लाची नवी बाटली फोडली. एकदा तर श्वासाने काही पडत असेल म्हणून दोन मास्क लावून काम केलं आणि चक्कर येऊन खाली बसले. टेकाडं ढिम्म हलली नाहीत. मला त्यांचा मनापासून राग यायला लागला.

गणपती गेले, पितृपक्ष लागला. मॅडमनी परत पाठवायच्या पत्राचा मसुदा करून ठेवलाय, हे मला त्यांच्या टेबलावर दिसलं. मी तशीच मागे फिरले. तोंड उघडलं असतं तर वाईटच बोलले असते.

त्या दिवशी मी खलबत्ता सोडून बाकी सगळ्याची चाचणी घेतली. वाळू न कुटता तशीच नळीत घातली. रेघ सपाट आली. म्हणजे पाणी चांगलं, आम्ल चांगलं, काच चांगली आणि मीही चांगली. दोष खलबत्त्यात होता. तो तर मी दर वेळी धूत होते, अल्कोहोलने, पाण्याने, पुन्हा अल्कोहोलने. काचेसारखा भाजता येत नव्हता, कारण पाणी देऊन कडक केलेलं पोलाद तेवढं तापवलं की पुन्हा मऊ पडतं आणि मग ते दगडापुढे टिकत नाही.

तेव्हा मला चाकणची आठवण झाली. तिथे माझं काम होतं भागांना गेलेले तडे शोधायचं. इंजिनातल्या भागावर चमकणारं द्रावण टाकायचं, अंधाऱ्या खोपटात न्यायचं आणि जांभळ्या दिव्याखाली धरायचं. डोळ्याला एरवी न दिसणारा तडा हिरवा पेटून उठतो. त्या खोपटात वर्षं काढल्यामुळे माझ्या डोळ्याला एक खोड लागली आहे. कुठलंही पोलाद हातात आलं की ते त्या दिव्याखाली कसं दिसेल, असं मनात येतं. आमच्या प्रयोगशाळेतही तसला एक छोटा दिवा होता. मी पडदे ओढले, बूड फिरवून वेगळं केलं, त्याच्यावर अल्कोहोलचे थेंब सोडले आणि दिवा लावला.

आट्यांच्या मुळाशी, जिथे ब्रशचा केसही पोचत नव्हता तिथे, एक बारीक पिवळसर हिरवी रेघ लकाकत होती. वर्कशॉपमधलं तेल निळसर लकाकतं, ते मला पाठ आहे. हे तेल नव्हतं. मी सुईला कापूस गुंडाळला, त्या खाचेत फिरवला, तर कापूस पिवळा झाला. पिवळं काय असेल? मी बेसिनपाशी गेले आणि कापसाला हात धुवायचा साबण लावला. कापूस लाल झाला.

वरणाचा डाग साबणाने धुताना लाल होतो, हे आपल्याकडे शाळेत जायच्या आधीच कळलेलं असतं. हळद होती ती. आभाळातला दगड कुटायच्या खलबत्त्यात हळद होती, आणि हळद एकटी कधी येत नाही. मी स्कूटर काढली ती थेट भोसरीला.

मामा व्हर्नियरने काहीतरी मोजत होते. मी विचारलं, "मामा, खलबत्ता मला द्यायच्या आधी तुम्ही काय केलं होतं?"

"काय केलं होतं म्हणजे? हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पहिला पीस होता. तसाच देतेत व्हय?"

"नारळाचं पाणी कुठं ओतलं?"

"त्याच्यावरच की. आतून बाहेरून. मग चांगला निथळून, पुसून दिला."

भोसरीत ही पद्धत सगळीकडे आहे. नव्या प्रकारच्या कामाचा पहिला पीस मशीनवरून उतरला की त्याला हळदकुंकू लागतं आणि नारळ वाढवला जातो. मी लहानपणापासून ते खोबरं खाल्लं आहे. तरी मला ते सुचलं नव्हतं, आणि याचा राग मी अर्थातच मामांवर काढला.

"मामा, त्या पाण्याने माझं सगळं काम घाण झालं."

मी शब्द जपून वापरणाऱ्यांतली नाही. मामांनी व्हर्नियर खाली ठेवला. लेथवरचा कारागीर आमच्याकडे न पाहता पाहायला लागला.

"देवाचं लावलेलं घाण कसं होतंय गं?" मामा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "वर्कशॉप चालू केल्यापासून एक पहिला पीस बिनपूजेचा गेला न्हाई इथून. तुझा खलबत्ता लोकांच्या कामासारखा समजून केला नव्हता मी. आणि तू मला घाण बोलायलीस."

मी समजावून सांगायला लागले. नारळाच्या पाण्यात ॲमिनो आम्लं असतात, हळदीतही असतात, ती खाचेत वाळून बसली, दट्ट्यावर ठोका पडला की त्यातलं थोडं थोडं सुटतं. मामांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा व्हर्नियर उचलला. मामी आतून चहा घेऊन आल्या तेव्हा मी निघाले होते. मामींचा चहा न घेता मी त्या वर्कशॉपमधून कधीच बाहेर पडले नव्हते.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं, पण हसल्या नाहीत. "ही खाच कधीच पूर्ण साफ होणार नाही," त्या म्हणाल्या. "नवीन लागेल. तुझे मामा करतील?"

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि ते खरंच माहीत नव्हतं.

घटस्थापना होऊन गेल्यावर मामांचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत ते बोलायला लागले. "ह्या बारीला आटेच नकोत. बूड सपाट करतो, बाहेरून कडं दाबून धरंल त्याला. आत कुठं खाच नको, कोपरा नको. चालंल का?"

"चालेल," मी म्हणाले.

"पण एक सांगून ठिवतो. बिनपूजेचा पीस मी देणार न्हाई. पूजेचं माझं मी बघतो."

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मामांना पुन्हा काही विचारायची सोय नव्हती. आईला विचारलं तर ती म्हणाली, "त्यानं म्हटलंय ना बघतो, मग बघंल." मला तर रोज नारळच दिसत होते. नवा खलबत्ता कडक होऊन परत आला तो नेमका दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आणि दसऱ्याला भोसरीत काय असतं ते सांगायला नको. सगळी मशीनं धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून, हळदकुंकवाने माखून उभी असतात. नारळाच्या पाण्याचे ओघळ शटरबाहेर रस्त्यापर्यंत येतात. "उद्या सकाळी ये," मामा म्हणाले. "पूजा झाल्यावर ने."

मी गेले ती भांडायच्या तयारीने. बरोबर नव्या पिशव्या होत्या, स्कूटरवरून उतरताच हातमोजे चढवले होते आणि मनात चार वाक्यं तयार होती. वर्कशॉप धुपाने भरलं होतं. दोन्ही लेथना माळा, मिलिंगला माळ, ड्रिलला माळ, मामांच्या मोटारसायकललाही माळ. कारागीर जिलबीच्या पुड्यासह रांगेत उभे. खलबत्ता कुठेच दिसेना. मी मामींकडे पाहिलं तर त्यांनी बाहेर बोट दाखवलं.

शटरच्या बाहेर, धूर पोचणार नाही इतक्या लांब, रस्त्याच्या कडेला मामांनी एक स्टूल ठेवलं होतं. स्टुलावर नवी कोरी चांदीच्या कागदाची गुंडाळी होती आणि तिच्यात खलबत्ता. कडक करून आला तसा त्याला उघड्या हाताने कोणी शिवलं नव्हतं, हे मला मामींनी नंतर सांगितलं. मामा आतून आले. कपाळाला गंध होतं, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, पण हातात काही नव्हतं. ताम्हण नाही, हळद नाही, नारळ नाही. त्यांनी नळावर हात धुतले, स्टुलापासून चार हात दूर उभे राहिले आणि डोळे मिटून हात जोडले.

मला काही कळेना. मामी माझ्या कानाशी म्हणाल्या, "मानसपूजा करायलेत. काही बोलू नको."

मानसपूजा मला माहीत होती. आमची आजी आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या करायची. हातात काही नाही, समोर काही नाही, तरी मनातल्या मनात देवाला अंघोळ घालायची, गंध लावायचं, फूल वाहायचं, नैवेद्य दाखवायचा. पण पोलादाच्या खलबत्त्याची मानसपूजा भोसरीच्या रस्त्यावर भर सकाळी होताना मी कधी पाहिली नव्हती. मामांचे ओठ हलत होते. मध्येच त्यांचा उजवा हात हवेत किंचित पुढे झाला, अंगठा आणि अनामिका जुळली, हळद लावावी तशी. मग कुंकू. मग तोच हात पुन्हा छातीशी.

शेजारच्या वर्कशॉपचे मालक माळ घेऊन चालले होते, ते थांबले. "काय राव, रिकाम्या हातानं काय चाललंय?"

"थांब जरा," मामा डोळे न उघडता म्हणाले. "नारळ फोडायलोय."

ते गृहस्थ खरंच थांबले आणि त्यांनीही हात जोडले. रांगेतले कारागीर जिलबी विसरून बाहेर येऊन उभे राहिले. कोणी हसलं नाही. मी मनात तयार करून आणलेली चारही वाक्यं विसरून गेले, आणि हात जोडायचे तर हातमोज्यांसकट जोडावे लागले.

मामांनी डोळे उघडले. "झालं," ते म्हणाले. "आता ह्या नारळाचं पाणी तुझ्या मशीनला दिसंल का?"

"नाही दिसणार, मामा."

"मग ने."

त्या दिवशी मी मामींचा चहा दोनदा घेतला.

दसऱ्यानंतर प्रयोगशाळा उघडली तशी मी कामाला लागले. खलबत्ता धुतला, भाजलेली वाळू घातली, दट्ट्यावर ठोके दिले. बाकी सगळं नेहमीचं. यंत्रात नमुना सोडला आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. रेघ निघाली. पहिलं टेकाड जिथे यायचं ती जागा आली आणि गेली. रेघ तशीच. दुसऱ्याची जागा आली. रेघ तशीच. मी खुर्चीची कड धरून बसले होते. सगळ्या जागा संपल्या आणि रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बिनसुरकुतीची गेली. आयुष्यात इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं, आणि पडद्यावर तर काहीच नव्हतं.

मॅडमना बोलावलं. त्यांनी रेघ मोठी करून पाहिली, आणखी मोठी करून पाहिली. "पुन्हा घे," त्या म्हणाल्या. पुन्हा घेतला. पुन्हा सपाट. मॅडमनी टेबलावरचा पत्राचा मसुदा उचलला, फाडला आणि पर्समधून किल्ली काढून माझ्या हातात दिली.

मी गेटसमोरच्या दुकानातून पेढे आणले. वॉचमननी विचारलं, "कशाचे, ताई?" "काही न आल्याचे," मी म्हणाले. त्यांनी पेढा घेतला आणि अजून एक घेतला.

कुपी उघडली तेव्हा डांबराच्या जवळ जाणारा एक मंद वास आला. पृथ्वीहून जुन्या वस्तूचा वास मी घेत होते, हे लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. तुकड्यातला थोडा भाग खलबत्त्यात घातला. दगड म्हणतो खरं, पण तो दगडासारखा भांडला नाही, पहिल्याच काही ठोक्यांत त्याचं काळं पीठ झालं. पीठ नळीत, नळी तापायला, आणि पुढचं सगळं ओळीने. या वेळी पडद्यासमोर मॅडमही खुर्ची ओढून बसल्या.

रेघ चढली. एक टेकाड, मग दुसरं, मग शेजारी शेजारी दोन जोडीने. मी एकेकाचं नाव घेत होते आणि मॅडम मान हलवत होत्या. त्यातलं एक होतं आयसोव्हॅलिन. आपल्या अंगातल्या प्रथिनांना ते लागतच नाही. आपल्यात नाही, नारळात नाही, हळदीत नाही. पण या काळ्या पिठात होतं. मॅडमनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली आणि ती चांगली जोरात लागली.

संध्याकाळी दोन्ही आलेख छापून घेतले आणि भोसरी गाठली. मामा मशीन बंद करून हात पुसत होते. मी दोन्ही कागद लेथच्या पाटावर पसरले. आधी दगडाचा दाखवला. ही जोडी बघा, म्हटलं. एकाच आम्लाच्या दोन जाती आहेत, सगळं सारखं, फक्त एक डावी आणि एक उजवी. कसं सांगावं असं वाटत होतं तोच माझी नजर समोरच्या बोल्टांच्या डब्यावर गेली.

"डावे आटे आणि उजवे आटे असतात तसं, मामा. आपलं अंग, झाडं, नारळ, हे सगळे प्रथिनांसाठी एकाच बाजूचे आटे पाडतात. डावे. आधीच्या ब्लँकमध्ये सगळे डावेच होते. या दगडात दोन्ही आहेत, जवळजवळ सारखे."

मामांनी जोडीवर बोट ठेवलं. "म्हणजे हा माल आपल्या दुकानातला न्हाई."

"नाही. आपलं दुकान उघडायच्या आधीचा आहे."

त्यांनी हलकेच मान हलवली. मग दुसरा कागद ओढला, सपाट रेघेचा. तो त्यांनी उजेडाकडे धरला, मागून बघितला, पुन्हा पुढून बघितला. "आणि हे?"

"हे तुमचं आहे. तुमच्या खलबत्त्यात दगडाशिवाय काय काय आहे, त्याचा आलेख."

"ह्यात तर काहीच न्हाई."

"काहीच नाही. हे असं नसतं, तर तो दगडाचा कागद कोणी खराच मानला नसता."

मामांनी तो कागद जपून पाटावर ठेवला. मग कारागिराला काचेची चौकट आणायला पाठवलं. चौकट आली, कागद आत गेला, आणि देवाच्या फोटोशेजारी खिळा ठोकून ती लागली. मामी ताम्हण घेऊन आल्या. मामांनी चौकटीला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि मग नारळ फोडून त्याचं पाणी काचेवर, भिंतीवर, माझ्यावर, दसऱ्याचं राहिलेलं सगळं फेडल्यासारखं शिंपडलं. मी खोबरं खाल्लं. माझ्या केसांतून पाणी गळत होतं आणि मी ते पुसलं नाही.

परवा वर्कशॉपवर गेले होते, तेव्हा चाकणच्या एका कंपनीचे साहेब कामाची चौकशी करायला आले होते. त्यांचं लक्ष चौकटीकडे गेलं. ते जवळ गेले, चष्मा वर केला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मामा, यात तर काहीच दिसत नाही."

मामांनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. "तेच तर बनवलंय आमी," ते म्हणाले.